ओल्या जमिनीतला गोल्डनरॉड कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर पिवळ्या फुलांचे फोटो यायला लागतात. कोलंबसहून, क्लीव्हलंडहून, शिकागोहून, डेट्रॉइटहून. सोबत एकच ओळ: "ताई, हा कोणता गोल्डनरॉड?" फोटोत तुरा झकास आलेला असतो, पान कापलेलं असतं आणि झाड कुठल्या जमिनीत उभं होतं याचा पत्ता नसतो. दरवर्षी तेच ते टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी ओहायोत राहते, त्यामुळे उदाहरणं बहुतेक इथली. मुख्य पात्र आहे रिडेलचा गोल्डनरॉड, शास्त्रीय नाव सॉलिडॅगो रिडेली. बाकीचे त्याच्या निमित्ताने येतील.

१. गोल्डनरॉड हे एकाच झाडाचं नाव आहे का?

नाही. सॉलिडॅगो या वंशात शंभरावर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या. कुळ सूर्यफुलाचं, शेवंतीचं. झुडूप नव्हे, बहुवर्षायू रोप: हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, जमिनीखालचं खोड जिवंत राहतं आणि वसंतात पुन्हा फुटतं. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर बारीक फुलांचं गेंद असतं, फार तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं. अशी शेकडो गेंदं मिळून तुरा होतो. तुरा जवळजवळ सगळ्यांचाच पिवळा, म्हणून रंगावरून जात ओळखायला जाऊ नका. आधी जमीन बघा, मग पान, मग दांडा, आणि फूल सगळ्यात शेवटी. पुढची सगळी उत्तरं याच क्रमावर उभी आहेत.

२. कासला बघितलेली सोनकी हीच ना?

लांबून तसं वाटतं खरं, आणि भाद्रपदात फुलण्याची वेळही जुळते. पण नाही. सोनकी सेनेशिओ वंशातली, सह्याद्रीच्या कातळावर आणि उतारांवर पावसाळ्यापुरती येणारी. तिचं एकेक फूल सुटं दिसतं, पाकळ्या मोजता येतात. गोल्डनरॉडचं गेंद इतकं लहान की पाकळ्या मोजायला डोळ्याला भिंग लावावं लागतं. कुळ मात्र दोघींचं एकच, म्हणजे लांबच्या चुलतबहिणी म्हणायला हरकत नाही.

३. मग रिडेलचा गोल्डनरॉड नेमका ओळखायचा कसा?

पानाला हात लावा. पान मधल्या शिरेवर उभं दुमडलेलं असतं, कौलांखालच्या पन्हळीसारखं, आणि टोकाकडे विळ्यासारखं मागे वळलेलं. तर्जनी पानाच्या बुडाशी ठेवून टोकापर्यंत ओढत न्या, बोट त्या घडीतून घसरत जातं. इतर गोल्डनरॉडचं पान सपाट लागतं, तिथे बोटाला असा मार्ग सापडत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढल्यापासून मी तर आधी बोटच लावते.

बाकीच्या खुणाही बघून घ्या. पान लांब आणि अरुंद, गुळगुळीत, काठाला दाते नाहीत. पानाचं बूड दांड्याला कवटाळून बसतं. दांडा सरळ, साधारण दोन ते तीन फुटांचा. वरचा तुरा शेंडीसारखा वाकत नाही, तो माथ्यावर सपाट पसरतो, छत्री उघडल्यासारखा. प्रत्येक गेंदाला साधारण सात ते नऊ पाकळ्या. फुलण्याचा खरा भर सप्टेंबरात, काही ठिकाणी ऑक्टोबरपर्यंत.

घडी आणि सपाट माथा दोन्ही दिसले आणि पायाखाली झऱ्याचं पाणी असेल (अशी जागा म्हणजे फेन, प्रश्न ४ बघा), तर नाव लिहायला घाबरू नका. यातलं एखादं दिसत नसेल तर प्रश्न ६, ७ आणि ८ वाचल्याशिवाय लिहू नका.

४. तुम्ही सारखं 'फेन' म्हणता. म्हणजे दलदलच ना?

दलदल हा आपला सरसकट शब्द आहे, इथे मात्र पाणी येतं कुठून यावरून नाव बदलतं.

गावाकडे डोंगराच्या पायथ्याला शेतात उपळ लागतो, आठवतंय? वर पाऊस नाही, ओढा नाही, तरी जमिनीतून पाणी पाझरत राहतं आणि तो तुकडा कायम ओला. फेन म्हणजे मोठ्या प्रमाणावरचा उपळ. ओहायो, इंडियाना, मिशिगन, इलिनॉय यांचा बहुतेक भाग हिमयुगात बर्फाच्या लाद्यांखाली होता. बर्फ वितळताना त्याने वाळू-गोट्यांचे ढीग मागे टाकले आणि त्यात चुनखडीचे तुकडे भरपूर. पावसाचं पाणी त्या ढिगांतून खाली मुरतं, मुरताना चुना विरघळवून घेतं, खाली चिकणमातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याशी बाहेर पडतं. ते पाणी भूगर्भातलं, म्हणून मध्य ओहायोत जुलैच्या उन्हातही साधारण बारा अंश सेल्सियस. एकदा मी बोटं बुडवून बघितली, मिनिटभरात बधिर झाली.

असं गार, चुन्याने भरलेलं, पण नत्र-स्फुरदाने दरिद्री पाणी सगळ्या झाडांना मानवत नाही. मोठी झाडं तिथे सुखाने वाढत नाहीत, त्यामुळे ऊन खाली पोचतं आणि आपल्या रिडेलसारख्या मंडळींना जागा मिळते. त्याच्याबरोबर पार्नेशिया गवतफूल, झालरीचा निळा जेन्शियन, झुडपी सिंकफॉइल ही मंडळी दिसली तर फेनमध्ये उभे आहात असं समजा. रिडेल फेनशिवाय ओल्या प्रेअरीतही येतो, म्हणजे गवताळ सपाटीच्या चिबड भागात. कोरड्या माळावर तो आपणहून येत नाही.

५. सीडर बॉगला जाऊन आलो. नाव बॉग आणि तुम्ही फेन म्हणता, खरं काय?

फेनच. तिथली माणसंही हे हसत हसत सांगतात. अर्बाना गावाजवळचं हे राखीव क्षेत्र ओहायो राज्याने १९४२ मध्ये विकत घेतलं. लोकांच्या तोंडी बॉग नाव बसलं होतं, तेच पुढे चालू राहिलं.

फरक असा: बॉगला पाणी मिळतं ते मुख्यतः पावसाचं, ते साचून राहतं, आंबट होतं आणि स्फॅग्नम शेवाळाची गादी तयार होते. फेनचं पाणी वाहतं आणि त्यात चुना असतो. शिकागोकडच्यांना तुलना करायची असेल तर व्होलो बॉग हा खरा बॉग आणि एल्जिनचा ब्लफ स्प्रिंग फेन हा खरा फेन. दोन्ही एका दिवसात बघून होतात. रिडेलला चुना लागतो, तेव्हा शेवाळाच्या आंबट गादीवर तो शोधत बसू नका.

६. फेनमध्ये सपाट माथ्याचे दोन गोल्डनरॉड शेजारी शेजारी दिसले. दोन्ही रिडेल?

बहुधा एक रिडेल आणि एक ओहायो गोल्डनरॉड, म्हणजे सॉलिडॅगो ओहायोएन्सिस. हे दोघं एकाच फेनमध्ये नांदतात आणि सगळ्यात जास्त फसवतात.

ओहायोचं पान सपाट असतं, घडी नाही, विळ्याचं वळण नाही. बुडाची पानं लांब देठाची, चमच्यासारखी टोकाकडे रुंद, आणि फुलं आली तरी टिकून असतात. वर चढत जाल तसं पान झपाट्याने लहान होतं. रिडेलचा दांडा त्या मानाने वरपर्यंत पानांनी भरलेला. फुलायलाही ओहायोची घाई: ऑगस्टच्या मध्यावर तो भरात असतो तेव्हा रिडेल अजून कळीत.

पहिल्या वर्षी मी दोघांना एकच समजून एका मैत्रिणीला छातीठोकपणे चुकीचं नाव कळवलं होतं. ती ते अजून विसरलेली नाही.

सपाट माथ्याचा तिसरा भाऊही आहे, कडक पानांचा सॉलिडॅगो रिजिडा. त्याचं पान लंबगोल, जाडसर, राखी झाक असलेलं आणि लवदार. तो मुख्यतः कोरड्या प्रेअरीतला.

७. ओल्या जागेत तुरा दिसला, पण माथा सपाट नाही. मग कोण?

इथे चार उमेदवार आहेत.

तुऱ्याच्या फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या आणि फुलं फांदीच्या वरच्या अंगालाच असतील तर दांडा दोन बोटांत धरून फिरवा. कंगोरे लागले तर पान चोळून बघा. वरची बाजू सॅंडपेपरसारखी खरखरीत आणि खालची गुळगुळीत? मग सॉलिडॅगो पॅट्युला. याची बुडाची पानं फूटभर होतात, तंबाखूच्या पानाची आठवण यावी अशी. सावलीतल्या पाझरांवर आणि झाडीतल्या पाणथळीत हा भेटतो.

तुरा अरुंद, काठीसारखा उभा, आणि खालच्या पानांचे देठ दांड्याला म्यानासारखे लपेटलेले असतील तर तो सॉलिडॅगो युलिजिनोसा, बॉग गोल्डनरॉड. नाव बॉगचं असलं तरी फेनमध्येही येतो. नावांच्या बाबतीत इथल्या लोकांवर फार विश्वास ठेवू नये.

दांडा केसाळ, पानावर शिरांचं खोल जाळं आणि काठाला दाते, तर सॉलिडॅगो रुगोसा. दांडा गुळगुळीत, त्यावर द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक, उंची माणसाएवढी, तर सॉलिडॅगो जायगँटिया. हा शेवटचा ओढ्याकाठी, रस्त्याच्या चरात, कुठेही येतो, त्यामुळे त्याच्यावरून जागेबद्दल फारसं काही कळत नाही.

८. माथा सपाट आहे, पान अगदी गवतासारखं बारीक आहे. रिडेलच ना?

नाही, हा युथेमिया. पूर्वी याला सॉलिडॅगोतच धरत, आता वेगळा वंश. जुन्या पुस्तकांत गवती पानाचा गोल्डनरॉड म्हणून सापडेल. पान अरुंद आणि सपाट, घडी नाही. भिंगातून गेंद बघितलं तर पाकळ्या पंधरा-वीस, अगदी आखूड. रिडेलच्या सात-नऊ. ओल्या पडीक शेतात हा ढिगाने असतो. मला 'रिडेल सापडला' म्हणून येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त हाच निघतो.

९. आम्ही न्यू जर्सीत. समुद्राच्या खारट चिखलात गोल्डनरॉड कसा काय?

सॉलिडॅगो सेम्परव्हिरेन्स, सागरी गोल्डनरॉड. पान जाड, मांसल, घोळूच्या भाजीच्या वळणावर जाणारं, म्हणजे मिठाच्या वाऱ्यात टिकायची तयारी. केप मे भागात शरदात मोनार्क फुलपाखरं दक्षिणेला निघतात तेव्हा वाटेत याच तुऱ्यांवर तुटून पडतात. वारा पडलेला असेल अशा सकाळी जा.

एक अपवाद लक्षात ठेवा: हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिठाच्या वाटेने हा हायवेच्या कडेकडेने समुद्रापासून खूप आत सरकलाय. तेव्हा हायवेच्या चरात जाड पानाचा दिसला तर चक्रावू नका.

१०. सप्टेंबरात शिंकून हैराण होतो. याच फुलांमुळे ना?

नाही. गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट असतो, तो मधमाश्या आणि भुंगे नेतात, वाऱ्यावर उडत नाही. खरा गुन्हेगार रॅगवीड. तो त्याच दिवसांत, बऱ्याचदा त्याच कुंपणाशी फुलतो, पण त्याची फुलं हिरवट आणि नजरेत न भरणारी, पान कोथिंबिरीसारखं कातरलेलं. बिचारा गोल्डनरॉड पिवळा दिसतो, म्हणून नाव त्याच्यावर. घरात तुरा आणून त्यात नाक खुपसलं तर मात्र शिंक येऊ शकते, तो वेगळा मुद्दा.

११. दांड्याच्या मध्यावर सुपारीएवढा गोळा आलाय. रोग आहे का?

रोग नाही, बाळंतिणीची खोली आहे. युरोस्टा नावाची माशी दांड्यात अंडं घालते, अळीच्या लाळेमुळे झाड तिच्याभोवती गाठ वाढवतं. अळी अख्खा हिवाळा त्या गाठीत काढते. अंगातलं पाणी गोठलं तरी ती मरत नाही, कारण थंडीआधी तिच्या शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठतात. गोळ्याला टोचून पाडलेलं भोक दिसलं तर बहुधा सुतारपक्ष्याने किंवा चिकडी या चिमुकल्या पक्ष्याने अळी काढून खाल्ली आहे.

ओळखीसाठी याचा उपयोग असा: हे गोळे होतात मुख्यतः पडीक रानातल्या उंच गोल्डनरॉडवर (सॉलिडॅगो अल्टिसिमा) आणि प्रश्न ७ मधल्या जायगँटियावर. गोळा दिसला तर रिडेलचं नाव बहुतेक खोडून टाका.

१२. गौरीला चार तुरे तोडले तर चालेल का?

फेनमधून नको. बहुतेक फेन राखीव क्षेत्रं आहेत, तिथे फूल तोडायला मनाई असते. आणि ओहायोतल्या मूळच्या पाणथळींपैकी साधारण नव्वद टक्के शेतीसाठी निचरा करून गेल्या आहेत, जमिनीखाली नळ घालून पाणी ओढून काढलं. उरल्यात त्यात हात घालू नये. कॅनडात तर रिडेलचा गोल्डनरॉड संकटाकडे झुकलेल्या जातींच्या सरकारी यादीत, 'विशेष काळजी' या गटात आहे.

तुमच्या परसाच्या कुंपणाशी किंवा ओळखीच्याच्या पडीक जमिनीत उंच पिवळा गोल्डनरॉड माजलेला असेल, तो खुशाल तोडा. कोकणात तेरड्याची गौर आणतातच की, रानातलं फूल गौरीला वर्ज्य कुठाय? फक्त घरात आणण्याआधी तुरा उलटा धरून चांगला झटका. माझ्या देवघरात एकदा आरतीच्या वेळी एक भुंगा बाहेर आला आणि आरती दोन कडव्यांत आटोपली.

१३. फेनमध्ये गमबूट घालून उतरलं तर?

उतरू नका. फळ्यांची वाट असेल तिथेच राहा. वर गवत सपाट दिसतं, खाली मऊ चुन्याचा चिखल असतो आणि एका पावलाचा ठसा बरेच दिवस राहतो. तुमच्या बाजूनेही कारणं आहेत. पॉयझन सुमॅक हे झुडूप अशाच जागी वाढतं: संयुक्त पान, लालसर मधला दांडा, पांढरट फळं. त्याचा चीक लागला तर कातडीवर फोड येतात. काही फेनमध्ये मॅसासॉगा हा छोटा खुळखुळ्या सापही राहतो. तो लाजाळू आहे, पण पाय पडला तर लाजेल असं नाही. घरी आल्यावर मोजे उलटे करून गोचिडी बघा.

१४. रिडेल परसात लावता येईल? आणि बी पुण्याला नेलं तर?

पहिल्याचं उत्तर हो. स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेतून रोप किंवा बी घ्या, रानातून उपटून नको. बी बारीक असतं, त्याला थंड ओलाव्यात दोनेक महिने ठेवावं लागतं. सोपं म्हणजे थंडीच्या सुरुवातीला मातीवर नुसतं भुरभुरून द्या, वर माती लोटू नका. गच्चीवरचं पाणी जिथे पडतं तो ओला कोपरा त्याला आवडतो. पडीक रानातल्या उंच गोल्डनरॉडसारखा तो अंगण गिळत नाही.

दुसऱ्याचं उत्तर नाही. परवान्याशिवाय बी नेणं हा वनस्पती संसर्गरोधाच्या नियमांचा भंग आहे. शिवाय गोल्डनरॉड परक्या मुलखात कसा वागतो हे युरोप, चीन आणि जपानने भोगलंय, कॅनडाकडच्या उंच जातींनी तिथली पडीक जमीन व्यापून टाकली. पुण्यात हौस भागवायची असेल तर मार्केट यार्डाच्या फूलबाजारात जा. जरबेराच्या गुच्छात भरतीला घालतात तो पिवळा तुरा 'गोल्डन रॉड' याच नावाने विकला जातो.

१५. हा रिडेल कोण?

जॉन लिओनार्ड रिडेल, जन्म १८०७. तरुणपणी ओहायोत झाडं गोळा करत फिरला आणि १८३० च्या दशकात त्याने इथल्या वनस्पतींवर लिहिलं. पुढे न्यू ऑर्लिअन्सला रसायनशास्त्र शिकवलं आणि दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक तयार केला. गोल्डनरॉड न्याहाळणाऱ्या माणसाला दोन डोळे पुरत नाहीत, त्यामुळे याचं मला नवल वाटलं नाही.

१६. सपाट माथा, पण फुलं पांढरी. हा गोल्डनरॉड असूच शकत नाही ना?

असू शकतो. सॉलिडॅगो टार्मिकॉइडिस पांढरा फुलतो, पाकळ्याही मोठ्या, त्यामुळे बरीच वर्षं लोक त्याला ॲस्टर समजत होते. तो या सपाट माथ्याच्या घराण्यातलाच आहे. कोरड्या जंगलात उभ्या काठीसारखा पांढरा तुरा असेल तर तो वेगळा, सॉलिडॅगो बायकलर.

१७. सगळं तपासलं. पान अर्धवट दुमडलेलं, माथा अर्धवट सपाट, ॲप दरवेळी वेगळं नाव सांगतं. आता?

ॲप मुख्यतः तुऱ्याकडे बघतं, त्याला दोष देऊ नका. सपाट माथ्याच्या गटात आपापसांत संकर होतात, प्रश्न ६ आणि १६ मधली मंडळी त्यात सामील आहेत. संकरित रोपाची पानं दोघांच्या मधली निघतात.

मला पाठवायचंच असेल तर सहा फोटो पाठवा: झाड उभं आहे ती जमीन, पूर्ण झाड, दांड्याच्या मध्यावरचं पान वरून आणि कडेने, बुडाची पानं, आणि शेवटी तुरा. तरीही नाव जुळलं नाही तर वहीत 'सॉलिडॅगो' एवढंच लिहा, जागा आणि तारीख टाका. माझ्या लॅपटॉपवर 'कोण जाणे' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात एकाच फेनमधले, एकाच फळीवर उभं राहून काढलेले तीन वर्षांचे फोटो आहेत. यंदा सप्टेंबरात चौथ्यांदा जाईन.